एका लिटरला चोवीस

गाडी घेतली तेव्हा माझा जीव गाडीपेक्षा तिच्या माहितीपत्रकावरच जास्त जडला. गुळगुळीत कागद, त्यावर डोंगरातल्या रिकाम्या रस्त्यावर उभी असलेली लाल गाडी, आणि बाजूला बोटभर जाडीचा आकडा: एका लिटरला चोवीस किलोमीटर. त्याच्याखाली मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत एक ओळ होती, 'प्रमाणित परिस्थितीत'.

मी आरमोरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. ही ओळ वाचून निदान मला तरी घाम फुटायला हवा होता. गेली बावीस वर्षं मी पोरांना दुसरं सांगतोय काय? घर्षण नगण्य माना, हवेचा विरोध शून्य धरा, दोरीला वजनच नाही असं समजा. एवढं सगळं धरून चाललं की उत्तर फार देखणं येतं. कंपनीही तेच करते. बंद खोलीत गाडी रोलरवर चढवायची, चाकं जागच्या जागी फिरवायची, वारा नाही, खड्डा नाही, एसी बंद, आत एकटा सडपातळ चालक. माझ्या गाडीत मी बसतो. पहिला फरक तिथंच पडतो.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्या आकड्यावर माझा विश्वास बसला, कारण तो मला आवडला होता. स्टाफरूममध्ये मी तो इतक्या वेळा सांगितला की इतिहासाचे सर मी दारातून आत आलो की हात जोडून म्हणायचे, "या, चोवीस."

बायकोचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, "गाडी पिते तुमची. आठवडी बाजाराले जावं तसं आपण पंपावर जाऊन राह्यलो."

"तू गावात चालवतेस. पहिला गिअर, दुसरा गिअर. मोकळ्या रस्त्यावर बघ मग."

"मोकळा रस्ता कुठी हाय, ते सांगा. तिथीच राहाले जाऊ."

तेव्हापासून मी एका लांबच्या फेरीची वाट पाहत होतो. टाकी पूर्ण कोरडी करायची, मोजून पेट्रोल टाकायचं आणि एका दमात जाऊन यायचं. मधे थेंबभरही घालायचं नाही. घातलं तर मोजमाप गेलं, प्रयोग बिघडला.

ती फेरी ऑगस्टात चालून आली, आणि तिच्यात माझ्या गावच्या तलावाचं अख्खं वर्ष अडकलेलं होतं.

माझं गाव कुरखेड्याच्या रस्त्यावर, आरमोरीपासून चौतीस किलोमीटर. गावामागे जुना तलाव आणि त्यावर मासेमारांची सोसायटी. दरवर्षी धानाच्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत सोसायटीवाले चंद्रपूरच्या पलीकडच्या केंद्रातून मासोळीचं बीज आणतात. बीज म्हणजे बोटाच्या पेराएवढी पिल्लं: रोहू, कटला, मृगळ. प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन भरून तोंड घट्ट बांधलेलं. पिशवी गार राहिली आणि वेळेत पोचली तर पिल्लं जगतात. उन्हाळ्यात जाळं ओढलं की जे येतं ते यातूनच. बीज मेलं तर तलावात वर्षभर नुसतं पाणी.

सोसायटीच्या अध्यक्षांचा फोन आला. साठीचा माणूस, लहानपणापासून मी त्यांना भाऊच म्हणतो. त्यांचा नेहमीचा पिकअपवाला ऐन वेळी फिरला होता. "केंद्रावाले म्हणते, उद्याचा लॉट शेवटचा. मंग बीज नाई. कोणाची गाडी हाय काय तुमच्या तिथी?"

मी म्हणालो, "माझी आहे की. एका लिटरला..."

"हो, हो," भाऊ म्हणाले. गावापर्यंतही आकडा पोचलेला होता.

आदल्या संध्याकाळी मी पंपाच्या बाजूला गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं आणि ती आपोआप बंद पडेपर्यंत आत बसून राहिलो. तासभर लागला. पंपावरचा माणूस दोनदा येऊन काचेवर टकटक करून गेला. दुसऱ्यांदा त्यानं हळूच विचारलं, "सर, घरी काई झालं काय?" मग त्यानंच धक्का मारून गाडी यंत्रापाशी नेली. आरमोरीहून केंद्र आणि परत थेट गावापर्यंत, मिळून दोनशे सत्तर किलोमीटर. चोवीसच्या हिशोबानं सव्वाअकरा लिटर लागायला हवं होतं. मी तेरा घातलं. वरचं पावणेदोन लिटर मी घर्षणाला मोठ्या मनानं बहाल केलं.

सकाळी पाचला निघालो. पुढे भाऊ, मागे बाई; दोघं रात्रीच आमच्याकडे मुक्कामाला आली होती. बाई म्हणजे सोसायटीतल्या सगळ्यात जुन्या सभासद. डोक्यावर मासोळीचं टोपलं घेऊन त्यांनी आजूबाजूची सगळी गावं पायांनी मोजलेली आहेत. मला त्या 'बाबू' म्हणतात. चिडल्या की 'सर' म्हणतात.

जाताना गाडी राणीसारखी चालली. रस्ता रिकामा, हवा गार, डिक्की मोकळी. समोरच्या पडद्यावर सरासरी तेवीसच्या वर. वैनगंगेच्या पुलावर मी भाऊंना तो आकडा बोटानं दाखवला. त्यांनी नदीकडे पाहत "बरं" म्हटलं.

केंद्रावर सोळा पिशव्या मिळाल्या. मागची अर्धी सीट पाडून खोक्यांत त्या बसवल्या आणि उरलेल्या अर्ध्यात बाई त्यांच्यात अंग चोरून बसल्या. एकेका पिशवीतलं पाणी हलकं वाटत होतं. सोळांचा मिळून एक भरभक्कम माणूस झाला होता, आणि तो आता आमच्यासोबत गावापर्यंत फुकट येणार होता. निघालो तेव्हा साडेनऊ झाले होते.

"एसी लाव बाबू," बाई म्हणाल्या. "बीज गार राहाले पायजे."

एसी लावला. पडद्यावरचा आकडा बावीसवर आला, मग एकवीस. चंद्रपूरच्या कोळशाच्या ट्रकांमागे पाऊण तास घासत निघालो तेव्हा वीस पूर्णांक काहीतरी. माझी एक नजर रस्त्यावर, एक पडद्यावर, एक आरशातून मागच्या पिशव्यांवर. माणसाला तीन डोळे नसतात. त्या दिवशी ते मला प्रकर्षानं जाणवलं.

मूल गावाजवळच्या जंगलात मी म्हणालो, "जरा मोकळी हवा घेऊ," आणि एसी बंद करून काचा खाली केल्या. दहा मिनिटांत बाईंनी पिशवीला हाताची पालथी बाजू लावली.

"गरम होऊन राह्यलं. लाव ते."

मी लावला. पण फक्त पंखा. हवा जोरात येते, आवाजही तसाच येतो, फक्त थंड करणारं बटण बंद. हे मी जाणूनबुजून केलं. केलं ते केलं.

"हवा थंड नाई लागत बावा."

"बाहेरच ऊन किती आहे बाई."

मी विज्ञानाचा माणूस, माझ्या बोलण्यावर बाईंनी विश्वास ठेवला. आरशात त्या लुगड्याच्या पदरानं पिशव्यांना वारा घालताना दिसल्या. मी आरसा थोडा वर केला.

शिवाय गाडी मी पंचेचाळीसच्या वर जाऊ देत नव्हतो. त्या वेगाला मायलेज उत्तम मिळतं, असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं. एसटीनं आम्हाला मागे टाकलं. धानाच्या कोंड्यानं लादलेला ट्रक पुढे गेला. शेवटी स्कूटीवरची एक मॅडम छत्रीसकट पुढे निघून गेली, तेव्हा भाऊंनी विचारलं, "सर, गाडीत काई बिघाड हाय काय?"

"नाही, नाही. ही किफायतशीर चाल."

"बीजाले किफायतशीर नाई होत ना ते. त्याले घाई असते."

गडचिरोलीला पंप दिसला. भाऊ म्हणाले, "टाकून घ्या." मी म्हणालो, "पुरतं." आरमोरीत शिरलो तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. ज्या पंपावर आदल्या दिवशी तासभर बसलो होतो तो पंप उजव्या हाताला होता, आणि तो माणूस मला पाहून हातसुद्धा हलवत होता. पडद्यावर लिहिलं होतं: उरलेल्या पेट्रोलमध्ये बावन्न किलोमीटर. गाव चौतीसवर. पाच मिनिटं थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायला उरली नसती. पण प्रयोग शेवटच्या टप्प्यावर होता. कुठल्याही वैज्ञानिकानं थांबायचं नाही असं ते ठिकाण.

मी हात हलवून पुढे गेलो.

कुरखेड्याच्या रस्त्याला लागल्यावर मला कळलं की तो बावन्नचा आकडा गाडीनं मागच्या चांगल्या रस्त्यावरून काढलेला होता. पुढचा रस्ता तिनं पाहिलाच नव्हता. पावसानं उखडलेलं डांबर, ट्रॅक्टरांनी शेतातून आणून टाकलेला चिखल, खड्ड्यात पाणी, पाण्याखाली आणखी एक खड्डा. दुसऱ्या गिअरवरून वर जाता येईना. बावन्नचे अडतीस झाले, अडतीसचे सत्तावीस, आणि आम्ही पुढे गेलो होतो जेमतेम दहा किलोमीटर. मग एकोणीस. मग आकडाच गेला आणि त्याच्या जागी तीन आडव्या रेघा आल्या. गाडीनं माझ्याशी बोलणं बंद केलं.

"हे काय होय?" भाऊंनी रेघांवर बोट ठेवलं.

"थोडं राहिलंय असं सांगते ती."

"किती थोडं?"

"ते सांगत नाही."

गावापासून नऊ किलोमीटरवर गाडी दोनदा ठसकली आणि थांबली. दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, वर उघडलेलं ऊन, मोबाईलला रेंज नाही. इंजिन थांबताच पंख्याचा आवाजही थांबला आणि एकदम सगळं ऐकू यायला लागलं. पिशव्यांमधूनही बारीक टपटप येत होती. पिल्लं वर येऊन हवेसाठी तोंडं उघडत होती, आणि पिशवीच्या आतल्या बाजूला त्यांची डोकी आपटत होती.

बाईंनी एक पिशवी गालाला लावली. मग दुसरी.

"एसी असून इतकं गरम कसं झालं?"

मी खाली उतरलो होतो. दार उघडं होतं. खोटं बोलायला आणखी काहीतरी सुचलं असतं, पण त्या पिशवीकडे पाहवेना.

"एसी मीच बंद केला होता बाई. नुसता पंखा चालू होता. पेट्रोल वाचावं म्हणून."

भाऊंनी टोपी काढून पुन्हा घातली. बाईंनी शिव्या दिल्या असत्या तर मी तिथल्या तिथं मोकळा झालो असतो. त्या फक्त म्हणाल्या, "डिक्की उघडा, सर."

आम्ही पिशव्या काढून झाडाच्या सावलीत ठेवल्या. भाऊंनी मला एकेक पिशवी हलकेच हलवत राहायला सांगितलं. पाणी हललं की त्यात हवा मिसळते. सोळा पिशव्या आणि मी एकटा. एकीला हलवून दुसरीकडे गेलो की पहिलीतलं पाणी स्थिर व्हायचं. मी उकिडवा बसून खोक्यांभोवती बेडकासारखा फिरत होतो आणि दर मिनिटाला मान वर करून रस्ता पाहत होतो. पेट्रोल आणायला पायी मागे जावं, की गावाकडे पळत जावं, की इथंच बसावं? तिन्ही गोष्टी एकदम कराव्याशा वाटत होत्या. दोनदा मी गावाच्या दिशेनं चालायला लागलो आणि दोनदा परत आलो.

"एका जागी राहा ना गा," भाऊ पहिल्यांदाच चिडून बोलले.

वीसेक मिनिटांनी मागून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत धानाच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, ओल्या जुड्या रचलेल्या आणि त्यांवर रोवणीला निघालेल्या सात-आठ बाया. चालकानं विचारलं, "पेट्रोल संपलं काय? आमच्यात तं डिझल हाय."

"पेट्रोल नको," बाई म्हणाल्या, "बीज हाय. मरून राह्यलं."

एवढंच पुरलं. बाया खाली उतरल्या. त्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, पुढे तीन किलोमीटरवर, तलाव नऊवर. त्यांच्यातली एक म्हणाली, "चला तलावावरच. आमच्या बांध्या काई पळून जात नाई." गार जुड्यांवर पिशव्या मांडल्या, वर आणखी जुड्या उलट्या घातल्या. सहा पिशव्यांतली पिल्लं फारच मलूल होती. बाईंनी त्या फोडून ट्रॉलीतल्या पाण्याच्या ड्रममध्ये ओतल्या. त्या बायांचं प्यायचं पाणी होतं ते.

"बसा इथी," बाईंनी मला ड्रमापाशी ढकललं. "हात घाला. पाणी वर उडवा, खाली पाडा. पहिले आमी हंडीत बीज आणत होतो तं चंद्रपूरहून येस्तोवर असंच करत होतो. हात थांबला का मेलं समजा."

मी हात घातला. ओंजळीनं पाणी उचलायचं, वरून सोडायचं. एक, दोन, तीन, शंभर. ट्रॉली उसळली की माझं डोकं फळीवर आपटायचं, पण ते धक्के बिजाला चांगले, असं भाऊ म्हणाले. माझ्या डोक्याबद्दल ते काही बोलले नाहीत. खांदा भरून आला. बोटांच्या फटीतून पिल्लं निसटत होती. काही निसटत नव्हती, नुसती तळहातावर येत होती.

"सर, कॉलेजात हेच शिकवता काय?" एका बाईनं विचारलं, आणि सगळ्या हसल्या.

"प्रॅक्टिकल असन," दुसरी म्हणाली.

"मंग आज नापास हाय सर."

मीही हसलो असतो, पण मान वर केली की हात मंदावायचा आणि लगेच बाईंचा आवाज यायचा, "हात."

तलावावर पोचलो तेव्हा पिशव्या तशाच पाण्यावर तरंगत सोडल्या. मला त्या ताबडतोब फोडायच्या होत्या. बाईंनी मनगट धरलं. पिशवीतलं पाणी आणि तलावाचं पाणी सारखं होऊ द्यायचं, मग तोंड सोडायचं, नाहीतर वाचलेलंही मरतं. पाऊण तास मला घाईनं मारलं होतं, आता पाव तास थांबण्यानं मारलं. मी काठावर इकडून तिकडे फिरत होतो. भाऊ गुडघाभर पाण्यात शांत उभे होते, फक्त त्यांचे ओठ हलत होते. पिशव्या मोजत असावेत, किंवा मला काहीतरी म्हणत असावेत.

मग एकेक तोंड सोडलं. काही पिल्लं चमकून खोलात गेली. काही आडवी झाली, पांढरं पोट वर. ड्रममधली बरीचशी तशीच. भाऊंनी ती पंच्यात गोळा केली आणि काठावर ठेवली.

"किती गेलं?" मी विचारलं.

"आता नाई सांगता येत. तीन दिवस पाहा लागते. मेलेलं वर येते."

गाडी संध्याकाळी त्याच ट्रॅक्टरनं ओढून गावात आणली, मग पेट्रोल मिळालं. घरी पोचलो तेव्हा बायको दारात उभी होती. भाऊंचा फोन आधीच येऊन गेला होता. सरासरी किती पडली ते ती विचारेल म्हणून मी उत्तर तयार करून आणलं होतं: वीस, म्हणजे काही अगदी वाईट नाही. तिनं विचारलं, "बीज जगलं काय?"

"माहीत नाही."

"मंग आत या. उभे काऊन?"

त्या तीन रात्री झोप म्हणावी तशी लागली नाही. रोज सकाळी कॉलेजच्या आधी गावाला जायचो. पहिल्या दिवशी वाऱ्याच्या बाजूचा काठ पांढरा झाला होता, त्यावर बगळे उतरलेले. दुसऱ्या दिवशी थोडी दिसली. तिसऱ्या दिवशी एकही नाही. पण एकही नाही म्हणजे बाकीची जिवंत आहेत, की आता मरायलाही कोणी उरलं नाही, हे मला कळेना. पाणी गढूळ. आत काय आहे ते पाण्यावरून दिसत नव्हतं.

बाई टोपल्यात धानाचा कोंडा घेऊन आल्या. एक मूठ टाकली. काही नाही. दुसरी मूठ. कोंडा नुसता पसरला. मी भाऊंकडे पाहिलं, ते पाण्याकडे पाहत होते. बाई तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून, चालत पार पलीकडच्या कोपऱ्यात गेल्या, जिथं बेशरमाच्या झुडपांची सावली पडते. आम्हीही मागे गेलो. तिथं मूठ टाकली, आणि थोड्या वेळानं पाण्याला बारीक शहारा आला. मग दुसरीकडे. कोंड्याखाली शेकडो बारकी तोंडं उघडमीट करत होती.

"हाय," बाई म्हणाल्या. "अर्धं धरा."

"नक्की अर्धं?"

"मी काय कंपनी होय, आकडा सांगाले?"

भाऊ हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा. मी काहीतरी बोलायला लागलो, चुकलो वगैरे, पण बाईंनी ते ऐकून घेतलं नाही. "अर्धं हाय तं जागा जास्त मिळन त्याईले," त्या म्हणाल्या. "मोठे होईन. पण खाऊ घाला लागन चांगलं. आमाले रोवणी हाय, निंदण हाय, रोज जमत नाई. तू ये बाबू. रविवारचा तं येशीन?"

"येईन."

"मंग घे," असं म्हणून त्यांनी टोपलं माझ्या हातात दिलं आणि बोट दाखवलं. "तिकडच्या काठालेही टाक. तिकडं कोणी हाय का नाई, पाहून ये."

मी चपला काढल्या आणि पाळीवरून तिकडे निघालो.